रस्त्यावरील कलह आणि शिरस्त्राणावरील कॅमेरा : एक भाषावैज्ञानिक विवेचन

१. विषयप्रवेश

सायकलस्वार आणि मोटारचालक यांच्यामधील कलह हा विषय सामान्यतः वाहतूक-अभियंता, विधिज्ञ किंवा पोलीस अधिकारी यांच्या कक्षेतील मानला जातो. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, या कलहात गेल्या काही वर्षांत एका नव्या साधनाचा प्रवेश झाला आहे. ते साधन म्हणजे सायकलस्वाराच्या शिरस्त्राणावर बसविलेला लहानसा कॅमेरा होय. कॅमेऱ्याने वादाचा निकाल लागेल, कारण कॅमेरा जे घडले तेच दाखवितो, अशी त्यामागील श्रद्धा आहे. ही श्रद्धा कितपत टिकते, हे पाहू गेल्यास पदोपदी भाषेचे प्रश्न उभे राहतात. 'घडले' म्हणजे काय, ते कोणी कोणत्या क्रियापदाने सांगावयाचे, कर्ता कोणास करावयाचे, हे प्रश्न चित्रफितीने सुटत नाहीत. उलट, ते अधिक तीव्र होतात.

प्रस्तुत लेखात मुख्यतः ब्रिटनमधील परिस्थिती आधारासाठी घेतली आहे. तेथे या कलहाविषयी विपुल संशोधन झाले असून चित्रफिती स्वीकारण्याची शासकीय व्यवस्थाही उभी राहिली आहे. लेखाच्या उत्तरार्धात मराठी वाक्यरचनेकडे वळावयाचे आहे. एकाच घटनेची अनेक वर्णने कशी संभवतात, हे आपल्या भाषेच्या विभक्तिव्यवस्थेवरून विशेष स्पष्टपणे दाखविता येते.

२. कलहाचे मूळ : दीड मीटरचा प्रश्न

प्रथम वस्तुस्थिती लक्षात घेऊ. सायकलीचे वजन दहा-पंधरा किलोग्रॅम, तर मोटारीचे हजार-दीड हजार किलोग्रॅम किंवा त्याहून अधिक. दोन्ही वाहने एकाच पट्ट्यातून, पण भिन्न वेगाने जातात. त्यामुळे मोटारीला सायकल ओलांडून पुढे जाणे वारंवार प्राप्त होते, आणि बहुतेक तंटे या ओलांडण्याच्या क्षणीच उत्पन्न होतात.

ब्रिटनचा 'हायवे कोड' हा रस्त्यावरील आचाराचा अधिकृत नियमग्रंथ प्रथम १९३१ साली प्रसिद्ध झाला. २९ जानेवारी २०२२ पासून त्यात महत्त्वाचे बदल अमलात आले. ज्याच्या हातून अधिक हानी होऊ शकते त्याच्यावर अधिक जबाबदारी, हे तत्त्व त्यात स्पष्टपणे नमूद झाले. ताशी तीस मैलांपर्यंतच्या वेगाने सायकलस्वारास ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवावे, असेही सांगण्यात आले. त्याच वेळी सायकलस्वारासही सांगितले गेले की, शांत रस्त्यावर त्याने पट्ट्याच्या मध्यातून जावे आणि वर्दळीच्या रस्त्यावर कडेपासून निदान अर्धा मीटर दूर राहावे.

आता थोडे गणित करू. कडेचे अर्धा मीटर, स्वारासह सायकलीची रुंदी सुमारे साठ सेंटिमीटर, मधले दीड मीटर आणि मोटारीची रुंदी सुमारे एक मीटर ऐंशी सेंटिमीटर. ही बेरीज चार मीटर चाळीस सेंटिमीटर होते. ब्रिटनमधील प्रमाणभूत पट्टा तीन मीटर पासष्ट सेंटिमीटर रुंदीचा असतो. म्हणजेच नियमाप्रमाणे ओलांडावयाचे तर मोटारीने शेजारच्या पट्ट्यात शिरले पाहिजे, आणि तो मोकळा नसेल तर मागे थांबले पाहिजे. सायकलस्वार जेथे असतो ती जागा नियमाला धरून आहे. परंतु मागे थांबलेल्या मोटारचालकाला तो रस्ता अडवीत आहे असे वाटते. एकच स्थान एकाच्या भाषेत 'स्वसंरक्षण' ठरते, तर दुसऱ्याच्या भाषेत 'अडवणूक'. कलहाची पहिली ठिणगी अशी अर्थभेदात पडते.

याच नियमग्रंथाचा आणखी एक विशेष भाषाभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगा आहे. त्यात आज्ञार्थाच्या दोन पायऱ्या आहेत. जेथे कायद्याचे बंधन आहे तेथे निरपवाद कर्तव्य दर्शविणारे साहाय्यक क्रियापद ठळक अक्षरांत येते. जेथे केवळ उपदेश आहे तेथे सौम्य विध्यर्थी रूप येते. मराठीत 'केलेच पाहिजे' आणि 'करावे' यांत जो फरक आहे, जवळजवळ तोच हा. दीड मीटरचा नियम दुसऱ्या वर्गात मोडतो. तो मोडणे हा आपोआप गुन्हा होत नाही. परंतु १९८८ च्या वाहतूक कायद्यानुसार न्यायालयात दायित्व ठरविताना त्याचा आधार घेता येतो. मूळ गुन्हा असतो तो 'निष्काळजी चालविण्याचा', आणि त्याची कसोटी अशी की, चालविणे हे सक्षम व दक्ष चालकाकडून अपेक्षित असलेल्या पातळीच्या खाली गेले काय. ही कसोटी फूटपट्टीने लावता येत नाही. ती वर्णनावर अवलंबून राहते.

३. नामाभिधान आणि परकेपण

कलहाचा दुसरा घटक म्हणजे नावे. 'सायकलस्वार' हा शब्द एखाद्या माणसाच्या त्या वेळच्या कृतीचा वाचक आहे. पण व्यवहारात तो जातिवाचक होतो. 'हे सायकलवाले' असे म्हणताच एका व्यक्तीचे वर्तन समूहाच्या खात्यावर जमा होते. सायकलस्वारांच्या बाजूनेही 'हे मोटारवाले' असा प्रतिशब्द तयारच असतो.

ऑस्ट्रेलियातील अलेक्सा डेल्बॉस्क आणि त्यांचे सहकारी यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्राथमिक अभ्यासात ४४२ व्यक्तींना प्रश्न विचारले होते. माकडापासून किंवा कीटकापासून पूर्ण मनुष्यापर्यंत चढत जाणारी आकृतिमालिका देऊन सायकलस्वारांना तीवर कोठे बसवाल, असे त्यांनी विचारले. सायकल न चालविणाऱ्यांपैकी ५५ टक्के, आणि स्वतः सायकल चालविणाऱ्यांपैकीही ३० टक्के, लोकांनी सायकलस्वारांना पूर्ण मनुष्यत्वाच्या खाली ठेवले. जे अशा प्रकारे खाली ठेवतात त्यांनीच सायकलस्वारांशी आक्रमकपणे वागल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. २०२३ साली मार्क लिंब व सारा कॉलियर यांनी त्याच देशात केलेल्या अभ्यासात एक विलक्षण गोष्ट आढळली. शिरस्त्राण किंवा चकाकते सुरक्षावस्त्र घातलेली व्यक्ती, ते न घातलेल्या व्यक्तीपेक्षा, कमी मानवी भासते. जे रक्षणासाठी घालावयाचे तेच परकेपण वाढविते, असा हा विरोधाभास आहे. शिरस्त्राणावर कॅमेरा बसविल्याने या विरोधाभासात भरच पडण्याचा संभव आहे.

नावांचा प्रभाव किती खोल असतो, याचे उत्तम उदाहरण इअन वॉकर, अॅलन टॅप आणि एड्रियन डेव्हिस यांच्या २०२३ च्या संशोधनात सापडते. ब्रिटनमधील २,१५७ प्रौढांपुढे काही विधाने ठेवण्यात आली. अर्ध्या लोकांना विचारले की, दाट वस्तीच्या ठिकाणी, जेथे इतरांना सिगारेटचा धूर घ्यावा लागतो तेथे, लोकांनी धूम्रपान करू नये काय. उरलेल्यांना तेच वाक्य दिले; मात्र 'धूम्रपान' या जागी मोटार चालविणे आणि 'सिगारेटचा धूर' या जागी मोटारीचा धूर असा बदल केला. पहिल्या विधानास सुमारे ७५ टक्के लोकांनी संमती दिली, तर दुसऱ्यास केवळ १७ टक्के. वाक्याची घडण तीच, नीतितत्त्व तेच. दोन पदे बदलताच निर्णय उलटला. ध्वनिविचारात आपण लघुतम युग्मांच्या साहाय्याने स्वनिम वेगळे काढतो. तीच रीत येथे सामाजिक गृहीतकांना लावली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

४. चिन्ह म्हणून कॅमेरा

कॅमेऱ्याचे कार्य दोन प्रकारचे आहे. घटना घडून गेल्यावर तो पुरावा होतो. परंतु घटना घडण्यापूर्वी तो चिन्ह असतो. मागून येणाऱ्या चालकास तो 'तुझे वर्तन पाहिले जात आहे' असे सांगतो. या दुसऱ्या कार्याचा विचार प्रथम करू.

चालक सायकलस्वाराचे बाह्य रूप 'वाचतो' आणि त्यानुसार अंतर ठेवतो, ही कल्पना वॉकर यांनी २००७ साली मांडली. अंतर मोजणारे यंत्र सायकलीस लावून त्यांनी इंग्लंडमध्ये सुमारे अडीच हजार वेळा ओलांडणाऱ्या वाहनांचे अंतर नोंदविले. शिरस्त्राण घातले असता वाहने सरासरी साडेआठ सेंटिमीटर अधिक जवळून गेली, असा त्यांचा निष्कर्ष होता. शिरस्त्राणावरून स्वार अनुभवी आहे असे चालक समजत असावा, हे त्याचे एक स्पष्टीकरण. २०१३ साली जेक ऑलिव्हिए आणि स्कॉट वॉल्टर यांनी त्याच सामग्रीचे पुनर्विश्लेषण करून या निष्कर्षावर आक्षेप घेतला, आणि २०१९ साली वॉकर यांनी त्यास उत्तर दिले. हा वाद अभ्यासूंनी मुळातून पाहावा.

२०१४ साली प्रसिद्ध झालेला वॉकर, इअन गॅरार्ड व फेलिसिटी जॉविट यांचा प्रयोग आपल्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. एकाच स्वाराने सात निरनिराळे पोषाख यदृच्छेने निवडून घातले आणि ५,६९० वेळा अंतर मोजले गेले. शर्यतीच्या स्वाराचा पोषाख, साधे कपडे, चकाकते वस्त्र, 'मी नवशिका आहे' असे सांगणारे वस्त्र इत्यादी पोषाखांमुळे अंतरात लक्षणीय फरक पडला नाही. फरक पडला तो एकाच वस्त्राने. त्यावर 'पोलीस' हा शब्द आणि चित्रण चालू असल्याची सूचना होती. त्याच धर्तीच्या दुसऱ्या एका वस्त्रावर 'पोलाइट', म्हणजे 'सौजन्य' या अर्थाचा इंग्रजी शब्द, होता. इंग्रजी लेखनात या दोन शब्दांत केवळ पाचव्या अक्षराचा भेद आहे. एकात 'टी', दुसऱ्यात 'सी'. उच्चारात भेद अधिक असला तरी लेखनाच्या पातळीवर हे लघुतम युग्मच होय. चालकांनी हा एका अक्षराचा भेद वेगात असताना ओळखला. सौजन्याच्या विनंतीने अंतर वाढले नाही, सत्तेच्या खुणेने ते वाढले.

तथापि या निष्कर्षाच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की, त्या वस्त्रावर पोलिसांचा उल्लेख आणि चित्रणाची सूचना ही दोन्ही एकत्र होती. म्हणून परिणाम कॅमेऱ्याच्या भयाचा की पोलिसांच्या, हे या प्रयोगावरून वेगळे करता येत नाही. दुसरी, वाढलेले अंतर सरासरी सुमारे पाच सेंटिमीटरच होते. तिसरी आणि सर्वांत गंभीर अशी की, पोषाख कोणताही असो, शंभरातील एक-दोन वाहने पन्नास सेंटिमीटरच्या आत येऊनच गेली. धोका खरोखर ज्या थोड्या चालकांपासून असतो, त्यांनी चिन्ह वाचले नाही किंवा वाचूनही मानले नाही. शिवाय शिरस्त्राणावरील कॅमेरा इतका लहान असतो की मागून येणाऱ्यास तो बहुधा दिसतही नाही. जे चिन्ह दिसत नाही ते चिन्ह म्हणून कार्य करीत नाही. यावरून कॅमेरा हा अपघात टाळणारा रक्षक आहे ही समजूत फारशी टिकत नाही. त्याचे खरे क्षेत्र घटनेनंतरचे आहे.

५. पुरावा म्हणून कॅमेरा

२०१६ साली वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी साध्या वेषातील अधिकाऱ्यास सायकलवर पाठवून जवळून ओलांडणाऱ्या चालकांना थांबविण्याची मोहीम सुरू केली. त्याच वर्षी उत्तर वेल्समध्ये नागरिकांकडून चित्रफिती स्वीकारण्याची 'ऑपरेशन स्नॅप' ही योजना सुरू झाली आणि पुढे ब्रिटनच्या इतर भागांतही तिचा प्रसार झाला. ही योजना केवळ सायकलस्वारांसाठी नाही. मोटारचालकही आपल्या दर्शनी काचेमागील कॅमेऱ्याचे चित्रण तेथे पाठवितात. खटल्याची पूर्वसूचना वाहनाच्या नोंदणीकृत धारकास साधारणतः चौदा दिवसांत पोहोचवावी लागते, म्हणून चित्रफीत त्वरेने पाठविणे आवश्यक असते.

यात भाषाभ्यासकाने टिपून ठेवावी अशी गोष्ट ही की, नुसती चित्रफीत पुरत नाही. ती पाठविणाऱ्यास लेखी निवेदन द्यावे लागते आणि प्रसंगी साक्षीस उभे राहावे लागते. प्रसंगाच्या आधीचा व नंतरचा काही भागही चित्रफितीत असावा अशी अपेक्षा असते. चित्राला वाक्याची जोड लागते, हे व्यवस्थेने स्वतःच मान्य केले आहे. असे का, याची तीन कारणे सांगता येतील.

पहिले कारण दृष्टिकोनाचे. अशा कॅमेऱ्यांचे भिंग रुंद कोनाचे असते. त्यात वस्तू प्रत्यक्षाहून दूर भासतात. स्वारास अंगावरून गेलेली वाटणारी मोटार चित्रात बरीच लांबून गेल्यासारखी दिसते. म्हणजे पुरावा पुष्कळदा पुरावा देणाऱ्याच्याच विरुद्ध झुकतो.

दुसरे कारण पुरुषाचे. येथे 'पुरुष' हा शब्द व्याकरणातील अर्थाने घ्यावयाचा. शिरस्त्राणावरील कॅमेरा प्रथमपुरुषी असतो. कार्ल ब्यूलर यांनी १९३४ च्या आपल्या ग्रंथात 'मी, येथे, आता' हा निर्देशाचा मूलबिंदू म्हणून सांगितला आहे. कॅमेरा नेमका त्या बिंदूवर बसविलेला असतो, आणि म्हणूनच 'मी' स्वतः चित्रात कधीच दिसत नाही. स्वार कसा चालला होता, तो आयत्या वेळी वळला काय, त्याने मागे पाहिले काय, हे चित्राबाहेर राहते. २०१९ साली ब्रॉडरिक टर्नर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पोलिसांच्या अंगावरील आणि मोटारीतील कॅमेऱ्यांच्या चित्रणाची तुलना केली. त्यात असे दिसले की, अंगावरील कॅमेऱ्याचे चित्रण पाहणारे त्या पोलिसाच्या कृतीत हेतू कमी पाहतात. कारण कर्त्याची आकृतीच त्यांना कमी दिसते. जो दिसत नाही त्याच्याकडे कर्तृत्व कमी जाते, हा सिद्धांत व्याकरणाच्या अभ्यासकास अपरिचित नाही. मोटारचालकांची तक्रार या ठिकाणी सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही.

तिसरे कारण निवेदनाचे. विल्यम लबॉव्ह व जोशुआ वॅलेट्स्की यांनी १९६७ साली दाखविल्याप्रमाणे अनुभवकथनास प्रस्तावना, गुंतागुंत, मूल्यमापन, परिणती असे घटक असतात. चित्रफीत कोठे सुरू करावयाची हे ठरविणे म्हणजे प्रस्तावना ठरविणे होय. मोटार अंगाजवळून गेली येथून आरंभ केला तर मोटारचालक आक्रमक ठरतो. त्याआधी दोन मिनिटे दोघांत शाब्दिक चकमक झाली असेल आणि तेथून आरंभ केला, तर कथा बदलते.

चित्र स्वतः बोलत नाही, ते बोलविले जाते, याचा प्रसिद्ध दाखला रॉडनी किंग यांच्या खटल्याचा आहे. मार्च १९९१ मध्ये लॉस एंजलिस येथे पोलिसांनी त्यांना केलेली मारहाण एका नागरिकाने चित्रित केली. तरीही १९९२ च्या खटल्यात आरोपी पोलीस जवळजवळ सर्व आरोपांतून सुटले आणि शहरात मोठी दंगल उसळली. पुढे १९९३ साली दुसऱ्या खटल्यात चौघांपैकी दोघे दोषी ठरले. चार्ल्स गुडविन यांनी १९९४ साली या प्रकरणाचे विश्लेषण केले. बचावपक्षाने चित्रफीत नाकारली नव्हती. तज्ज्ञाकरवी तिचा एकेक क्षण सुटा करून प्रत्येकास व्यवसायातील पारिभाषिक नाव दिले होते. मार खाणाऱ्याच्या देहाची प्रत्येक हालचाल त्या परिभाषेत आक्रमणाची तयारी ठरली. ज्याच्या हाती वर्णनाची परिभाषा, त्याच्या हाती चित्राचा अर्थ, असा या अभ्यासाचा इत्यर्थ आहे.

६. वर्णनाची भाषा : मराठीतील सहा वाक्ये

आता मराठीकडे वळू. पुढील सहा वाक्ये पाहावीत.

(अ) सायकलस्वाराचा अपघात झाला.
(आ) सायकलस्वार मोटारीखाली सापडला.
(इ) सायकल आणि मोटार यांची टक्कर झाली.
(ई) सायकलस्वाराला मोटारीची धडक बसली.
(उ) मोटारीने सायकलस्वाराला धडक दिली.
(ऊ) मोटारचालकाने सायकलस्वाराला धडक दिली.

ही सहाही वाक्ये एकाच घटनेविषयी सत्य असू शकतात. एकच चित्रफीत सहाही वाक्यांना आधार देईल. तथापि त्यांत घटनेची मांडणी निरनिराळी आहे. (अ) मध्ये 'अपघात' हाच कर्ता असून ज्यास इजा झाली तो षष्ठीत आला आहे. जणू अपघात ही त्याच्या मालकीची वस्तू. (आ) मध्ये इजा झालेलाच कर्ता झाला आहे. 'सापडला' या अकर्मक क्रियापदाने मोटार केवळ स्थलवाचक उरली. (इ) मध्ये दोन्ही पक्ष समान पातळीवर येतात. पंधरा किलोग्रॅम आणि पंधराशे किलोग्रॅम यांची 'टक्कर' होते असे म्हणणे व्याकरणदृष्ट्या शुद्ध, पण पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने चमत्कारिक आहे. (ई) मध्ये धडक ही आपण होऊन 'बसते'; ती देणारा अध्याहृतही नाही. (उ) मध्ये प्रथमच देणारा दिसतो, पण तो निर्जीव आहे. मराठीत '-ने' हा प्रत्यय कर्ता आणि करण या दोहोंचा वाचक असल्यामुळे साधनच कर्त्याच्या जागी बसते आणि ते साधन चालविणारा मनुष्य वाक्यातून नाहीसा होतो. केवळ (ऊ) मध्ये एक मनुष्य दुसऱ्या मनुष्यासमोर येतो.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. (ऊ) हे वाक्य चालकास दोषी ठरवीत नाही. व्याकरणातील कर्तृत्व आणि विधीतील दोष या भिन्न गोष्टी आहेत. सायकलस्वार अकस्मात आडवा आला असेल तरीही (ऊ) सत्यच राहील. पण (अ) पासून (ई) पर्यंतच्या वाक्यांत दोषाचा प्रश्न विचारण्याची जागाच उरत नाही. कर्ता सांगितल्यावर 'त्याने असे का केले' हे विचारता येते. न सांगितल्यास ते विचारण्याचे सुचतही नाही.

'अपघात' या शब्दाचा इतिहासही मनोरंजक आहे. इंग्रजीतील समानार्थी शब्दाचे लॅटिन मूळ 'येऊन पडणे, घडणे' या अर्थाचे आहे. त्यात कर्ता नाही. आपल्या शब्दात मात्र 'अप' या उपसर्गापुढे 'हन्' धातूपासून आलेला 'घात' उभा आहे. व्युत्पत्तीत आघात आहे, पण रूढीत तो दैवाधीन झाला. इंग्रजी भाषकांच्या जगात या शब्दाविरुद्ध काही पावले पडली आहेत. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने २००१ साली तो आपल्या पृष्ठांवरून वर्ज्य करण्याचे जाहीर केले. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी २०१३ साली आपल्या तपासपथकाच्या नावातून तो काढला. ब्रिटनमध्ये २०२१ साली वेस्टमिन्स्टर विद्यापीठातील अभ्यासकेंद्राच्या साहाय्याने वृत्तपत्रांसाठी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध झाली. वाहनाऐवजी चालकाचा उल्लेख करावा, हा त्यांतील एक मुख्य मुद्दा आहे.

हे केवळ शब्दांचे सोवळे नव्हे. तारा गोडार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली अमेरिकेतील सुमारे एक हजार वाचकांना एका पादचाऱ्याच्या अपघाताची बातमी निरनिराळ्या रचनांत वाचावयास दिली. पादचाऱ्यास केंद्र करणारी रचना वाचणाऱ्यांनी त्यालाच अधिक दोष दिला. चालकास केंद्र करणारी रचना वाचताच तो दोष कमी झाला. अशाच अन्य घटनांचा संदर्भ दिलेली बातमी वाचणाऱ्यांचा कल रस्त्यांच्या सुधारणेकडे अधिक झुकला. तथ्ये न बदलता केवळ अन्वय बदलला तरी वाचकाचा न्याय बदलतो.

याउलट टोकाचे उदाहरण आपल्या रस्त्यावरील बोलीत आहे. जवळून घासून जाण्यास आपण 'कट मारणे' किंवा 'हुलकावणी देणे' म्हणतो. 'कट मारल्याच्या कारणावरून मारहाण' अशी बातमी मराठी वृत्तपत्रांच्या वाचकास नवी नाही. येथे 'मारणे' आणि 'देणे' ही क्रियापदे हेतू गृहीतच धरतात. चालकाचे अंतराचे अनुमान चुकले असण्याचा संभव 'कट मारला' या प्रयोगात उरत नाही. इजा होते तेव्हा आपली भाषा कर्ता लपविते. इजा थोडक्यात टळते तेव्हा मात्र ती कर्त्यावर हेतू लादते. पहिल्या रीतीने जबाबदारी हरवते, दुसरीने हातघाई होते.

७. पाहणाऱ्याचा अधिकार

कॅमेऱ्याविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात. पहिला विषमतेचा. मोटारीस क्रमांक असतो, सायकलीस नसतो; म्हणून चित्रफितीवरून एकाच पक्षाची ओळख पटते. हा आक्षेप वस्तुस्थितीस धरून आहे. मात्र ही विषमता वजन आणि वेग यांच्या विषमतेशेजारी ठेवूनच तोलली पाहिजे.

दुसरा आक्षेप खासगी जीवनाचा. युरोपीय न्यायालयाने ११ डिसेंबर २०१४ च्या निर्णयात असे ठरविले की, घरावर बसविलेल्या कॅमेऱ्याच्या टप्प्यात सार्वजनिक जागा येत असेल तर ते चित्रण निव्वळ घरगुती व्यवहार म्हणून कायद्यातून सुटत नाही. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १५ मे २०१८ रोजी मोटारीतील कॅमेऱ्याविषयी मधला मार्ग काढला. कारणाशिवाय अखंड चित्रण करणे माहिती-संरक्षणाच्या कायद्याविरुद्ध आहे, तथापि अपघाताच्या खटल्यात ते पुरावा म्हणून अग्राह्य ठरतेच असे नाही, असा तो निर्णय होता. यातून एवढे दिसते की, पाहणे ही निष्पाप क्रिया उरलेली नाही. जो चित्रण करतो त्यावरही कर्तव्ये येतात.

८. उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. शिरस्त्राणावरील कॅमेरा कलह मिटवीत नाही. तो कलहाची जागा बदलतो. रस्त्यावरचा वाद तो निवेदनाच्या कागदावर आणि न्यायालयाच्या भाषेत नेतो. हा लाभ लहान नाही. जो वाद हमरीतुमरीने मिटावयाचा तो शब्दांनी मिटणे ही सुधारणाच होय. एरवी 'तुझा शब्द विरुद्ध माझा शब्द' एवढ्यावर जे प्रकरण थांबले असते त्यास तिसरा आधार मिळतो. परंतु तो आधार मुका आहे. त्यास कर्ता, कर्म आणि क्रियापद आपण पुरवितो, आणि ते पुरविताना आपली गृहीतके त्यात शिरतात.

म्हणून या विषयात भाषाविज्ञानाचे कर्तव्य उघड आहे. मराठी वृत्तपत्रांतील अपघातवार्तांचा पद्धतशीर संग्रह करून त्यांतील कर्ता, विभक्ती आणि क्रियापदे यांची गणना करणे, पंचनाम्यांच्या भाषेशी त्यांची तुलना करणे, आणि मृताचा किंवा जखमीचा उल्लेख कोणत्या पदाने होतो हे नोंदविणे, हे काम एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास सहज हाती घेता येईल. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. मात्र ते करताना हे विसरता कामा नये की, आपण ज्या वाक्यांची गणना करू त्यांतील प्रत्येकाच्या मागे रस्त्यावर पडलेला एक मनुष्य आहे, आणि वाक्याची रचना कशी झाली यावर त्यास मिळणारा न्याय काही अंशी अवलंबून आहे.